प्रार्थना कीटकाचा मृत्यू : निदानाची पद्धत

प्रस्तावना

घरातील कुत्रा आजारी पडला, तर त्याला पशुवैद्याकडे नेता येते. गाय चारा खाईनाशी झाली, तर गावातील जाणता माणूस तिच्याकडे पाहून काहीतरी सांगू शकतो. परंतु काचेच्या बरणीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात हौसेने पाळलेला कीटक एका सकाळी तळाशी मरून पडलेला दिसला, तर त्याचे कारण कोणाला विचारायचे? बहुतेक ठिकाणी असा वैद्य मिळत नाही. कारण शोधण्याचे काम पाळणाऱ्यालाच करावे लागते.

या पाठात प्रार्थना कीटकाच्या आजाराचे आणि अचानक झालेल्या मृत्यूचे निदान कसे करावे, याची माहिती दिली आहे. चंडीगडसारख्या कडक उन्हाळा, दमट पावसाळा आणि थंड हिवाळा असलेल्या शहराच्या संदर्भात हा विचार मांडला आहे. विषय एका लहान जिवाचा असला, तरी येथे सांगितलेली विचाराची रीत अनेक ठिकाणी उपयोगी पडणारी आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• प्रार्थना कीटकाच्या जीवनक्रमाची माहिती सांगू शकाल;
• नैसर्गिक मृत्यू आणि टाळता येणारा मृत्यू यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• लक्षणांवरून कारणाकडे कसे जावे, हे उदाहरणांसह सांगू शकाल;
• निरीक्षण आणि अनुमान यांतील भेद ओळखून लेखन करू शकाल.

मूळ पाठ

१. ओळख

पुढचे दोन पाय दुमडून, जणू हात जोडून बसलेला हिरवा किंवा तपकिरी कीटक आपण बागेत पाहिला असेल. त्याच्या या बसण्यावरून त्याला प्रार्थना कीटक असे नाव पडले. महाराष्ट्राच्या काही भागांत त्याला खंडोबाचा किडा असेही म्हणतात. प्रार्थनेचा हा आविर्भाव प्रत्यक्षात शिकारीचा पवित्रा आहे. काट्यांनी भरलेले पुढचे पाय क्षणार्धात झेपावतात आणि माशी, पतंग, नाकतोडा असे भक्ष्य जागच्या जागी जखडले जाते.

जगभरात प्रार्थना कीटकांच्या सुमारे २,४०० जाती आहेत. मादी फेसासारखा स्राव सोडून त्यात अंडी घालते. तो स्राव वाळला की त्याची कठीण अंडपेटी बनते. अंडपेटीतून बाहेर पडणारी पिल्ले आकाराने मुंगीएवढी असली, तरी रूपाने आईबापांसारखीच असतात. त्यांना फक्त पंख नसतात. फुलपाखराप्रमाणे त्यांच्यात कोशावस्था नसते. पिल्लू वाढते तसे ते पुन्हा पुन्हा कात टाकते. बहुतेक जातींत सहा ते नऊ वेळा कात टाकल्यावर पंख असलेला प्रौढ कीटक तयार होतो. प्रौढावस्थेचा काळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असतो. नर सडपातळ असतो आणि सामान्यतः मादीच्या आधी मरतो.

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या चंडीगडमध्ये झाडे, बागा आणि हिरवे पट्टे विपुल आहेत. अशा ठिकाणी पावसाळ्यात कीटकसृष्टी बहरते आणि तिच्यावर जगणारे प्रार्थना कीटकही वाढतात. एखादे मूल असा कीटक घरी आणते आणि घरातील सर्वांना त्याचा लळा लागतो. मान वळवून माणसाकडे पाहणारा कीटक विरळाच! म्हणूनच त्याचा मृत्यू घराला चटका लावून जातो. मात्र शहरालगतच्या सुखना वन्यजीव अभयारण्यातून कोणताही जीव उचलून आणू नये. अभयारण्यातील प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

२. प्रयोगशाळा नसते तेव्हा

अचानक होणाऱ्या मृत्यूंचा शोध कसा घेतला जातो, हे चंडीगडने पाहिले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुखना तलावावरील पाळीव राजहंस एकामागून एक मरू लागले. मृत पक्ष्यांचे नमुने भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत तपासण्यात आले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. रोग पसरू नये म्हणून तलावाचा परिसर लोकांसाठी बंद करण्यात आला आणि उरलेले राजहंसही मारावे लागले. तेथे शासनाची यंत्रणा होती, तज्ज्ञ होते, उपकरणे होती. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा विषाणू सापडू शकला.

पिंजऱ्यातील एका कीटकासाठी अशी यंत्रणा धावून येत नाही. तथापि निदानाचा पाया दोन्हीकडे सारखाच असतो. मृत्यू कोणाचा, केव्हा, कोणत्या परिस्थितीत झाला आणि त्याआधी कोणती लक्षणे दिसली, हे प्रश्न प्रयोगशाळेलाही आधी विचारावेच लागतात. त्यांची उत्तरे प्राण्याजवळ राहणाऱ्या माणसाकडेच असतात. नियमित निरीक्षण आणि त्याची नोंद हीच पाळणाऱ्याची प्रयोगशाळा होय.

३. खरोखर मृत्यू झाला आहे का?

पहिला प्रश्न विचित्र वाटेल, पण तो आवश्यक आहे. पिंजऱ्याच्या छताला लटकलेले पारदर्शक, पोकळ शरीर पाहून कीटक मेला असे अनेकांना वाटते. नीट पाहिले, तर पाठीवर चीर असलेली ती रिकामी कात असते आणि तिचा मालक शेजारच्या काडीवर आपले नवे अंग वाळवत असतो.

दुसरा प्रसंग कात टाकण्यापूर्वीचा. या काळात कीटक खाणे सोडतो, हालचाल कमी करतो आणि तासन्‌तास उलटा लटकून राहतो. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात पाठीवरील पंखांच्या कळ्या फुगलेल्या दिसतात. हा आजार नव्हे. अशा वेळी त्याला हलवणे, बोटाने डिवचणे किंवा बळेच खाऊ घालणे यानेच खरी हानी होते. थंडीनेही कीटक निश्चल होतात. म्हणून थंड कीटकाला काही काळ सौम्य उबेत ठेवून मगच निष्कर्ष काढावा.

डोळ्यांबद्दलही गैरसमज आढळतो. प्रार्थना कीटकाच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि आपण जागा बदलली की तोही सरकल्यासारखा भासतो. रात्री तर संपूर्ण डोळा काळपट होतो. या दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. परंतु कोणत्याही बाजूने पाहिले तरी एकाच जागी राहणारा काळा किंवा तपकिरी डाग ही बहुधा इजा असते. काचेवर वारंवार डोके घासल्याने ती होऊ शकते.

४. निदानाचे चार प्रश्न

मृत्यू निश्चित झाल्यावर पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

*(अ) कोण?* – कीटक पिल्लू होता की प्रौढ, नर की मादी? पोटाच्या खालच्या बाजूचे खंड मोजले, तर मादीत सहा आणि नरात आठ खंड दिसतात. प्रौढ होऊन बरेच दिवस लोटलेल्या नराचा मृत्यू आणि वाढत्या पिल्लाचा मृत्यू यांचा अर्थ एकच नसतो.

*(आ) केव्हा?* – शेवटची कात कधी टाकली? शेवटचे अन्न कधी खाल्ले? ऋतू कोणता होता?

*(इ) कसा?* – आधी अशक्तपणा होता की आदल्या रात्रीपर्यंत तो धडधाकट होता? थरथर, उलटी, पोट सुकणे, पकड सुटणे यांपैकी काय दिसले?

*(ई) भोवती काय बदलले?* – पिंजऱ्याची जागा, तापमान, ओलावा, नवे भक्ष्य, घरातील फवारणी यांत अलीकडे कोणता बदल झाला?

या चारांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. आपण मृत शरीराकडे पाहत राहतो; पण कारण पुष्कळदा शरीराबाहेर, त्याच खोलीत असते.

५. कारणे आणि त्यांच्या खुणा

कात अडकणे. पाळलेल्या पिल्लांच्या मृत्यूचे हे फार मोठे कारण आहे. कात टाकताना कीटक उलटा लटकतो आणि स्वतःच्या वजनाचा उपयोग करून जुन्या आवरणातून खाली सरकतो. त्यासाठी वर पाय रोवायला खडबडीत आधार आणि खाली शरीराच्या लांबीच्या किमान दुप्पट ते तिप्पट मोकळी जागा लागते. आधार गुळगुळीत असेल, तर तो पडतो. जागा अपुरी असेल, तर नवे मऊ अंग तळाला टेकून वाकडे होते. हवा फार कोरडी असेल, तर कात चिकटून राहते. वाकडे पाय, चुरगळलेले पंख आणि अंगावर उरलेले कातीचे तुकडे या त्याच्या खुणा होत. मृत शरीर अर्धे कातीत आणि अर्धे बाहेर असेल, तर कारण शोधण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

चंडीगडमधील मे-जूनची हवा कोरडी आणि तप्त असते. पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. पंख्याच्या किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात ठेवलेला पिंजरा आणखी लवकर सुकतो. या दिवसांत कात अडकण्याचा धोका वाढतो.

पाण्याची कमतरता. प्रार्थना कीटक पानांवरील आणि जाळीवरील थेंब पितो. पाणी न मिळाल्यास पोट सपाट व सुरकुतलेले दिसते, हालचाल मंदावते आणि पकड सैल होते. पाणी शिंपडताच तो अधाशीपणे पिऊ लागला, तर निदान आणि उपचार एकाच वेळी होतात. उपाशी कीटकाचे पोटही सपाट दिसते. म्हणून आधी पाणी द्यावे आणि मग भक्ष्य दाखवावे. दोहोंपैकी कशाकडे तो धावतो, त्यावरून कारण कळते.

कोंदट ओलावा आणि जंतुसंसर्ग. पावसाळ्यात परिस्थिती उलटते. हवेतच ओलावा असताना सवयीने पाणी फवारत राहिले आणि हवा खेळती नसली, तर पिंजऱ्यात बुरशी व जीवाणू वाढतात. उरलेले भक्ष्य सडते. कीटकाच्या तोंडातून काळपट तपकिरी, दुर्गंधीयुक्त द्रव येऊ लागला, तर ते गंभीर लक्षण आहे. दूषित भक्ष्य, पचनमार्गातील संसर्ग आणि कोंदट हवा यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. त्यावर खात्रीचे औषध नाही. पिंजरा स्वच्छ करणे, हवा खेळती ठेवणे, भक्ष्य बदलणे आणि पाणी देणे एवढेच हाती असते. कधी कीटक सावरतो, कधी नाही.

विषबाधा. आदल्या दिवशी धडधाकट असलेला कीटक अचानक थरथरू लागला, पाय वेडेवाकडे झाडू लागला, आधारावरून पडून पुन्हा उभा राहू शकला नाही, तर विषबाधेचा संशय प्रथम घ्यावा. डास मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक अगरबत्त्या, वड्या, द्रवरूप औषधे आणि फवारे यांत पायरेथ्रॉइड गटातील रसायने असतात. कीटकाच्या मज्जातंतूंमधून संदेश वाहून नेणारी सूक्ष्म द्वारे ही रसायने उघडीच ठेवतात. त्यामुळे मज्जातंतू थांबण्याचे नाव घेत नाहीत. आधी झटके येतात आणि मग पक्षाघात होतो. डास जसा कीटक आहे, तसाच प्रार्थना कीटकही कीटक आहे. औषध त्यांच्यात भेद करत नाही.

विष अन्नातूनही येते. स्वयंपाकघरात पकडलेले झुरळ आधीच औषध खाऊन लुळे झालेले असू शकते. फवारणी केलेल्या झाडावरचा नाकतोडाही तसाच. डेंग्यू-मलेरियाच्या प्रतिबंधासाठी वस्त्यांत धूरफवारणी होते, तेव्हा खिडकीत ठेवलेल्या पिंजऱ्यालाही धूर लागतो. एकाच घरातील वेगवेगळ्या पिंजऱ्यांतले अनेक कीटक एकाच रात्री मेले, तर रोगापेक्षा विषाची शक्यता अधिक असते. कारण रोग सहसा एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ घेतो.

परजीवी. बागेतून आणलेल्या कीटकाच्या शरीरात पाहुणा आधीपासूनच वास करत असू शकतो. केसासारखा लांब आणि बारीक असा एक कृमी प्रार्थना कीटकाच्या पोटात वाढतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो यजमानाला पाण्याकडे ओढ लावतो आणि पाण्यात बाहेर पडतो. काही माश्यांच्या अळ्याही जिवंत कीटकाचे शरीर आतून खातात. चांगले खाऊनही अशक्त राहणारा कीटक, पोटाला पडलेले भोक, मृत्यूनंतर शेजारी सापडलेली अळी किंवा कोश या त्याच्या खुणा होत. यात पाळणाऱ्याचा दोष नसतो. अंडपेटीतून पिल्लांऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्या बाहेर पडल्या, तर तोही परजीवींचाच पराक्रम समजावा.

भक्ष्याचा हल्ला आणि आपसांतील हिंसा. पिंजऱ्यात सोडून दिलेला रातकिडा कात टाकणाऱ्या असहाय कीटकाला कुरतडू शकतो. दोन प्रार्थना कीटक एकत्र ठेवले, तर एक दुसऱ्याचे भक्ष्य होते. मीलनाच्या वेळी मादी कधीकधी नराला खाते. तुटलेले अवयव आणि शरीराचे उरलेले तुकडे हे कारण बोलून दाखवतात.

वार्धक्य. प्रौढ कीटक हळूहळू नेम चुकू लागला, पंख झिजले, पायांची टोके गळाली, भिंतीवर चढता येईना, खाणे कमी झाले आणि शेवटी तो शांतपणे मेला, तर ते वार्धक्य होय. उत्तर भारतातील बऱ्याच जातींचे प्रौढ पावसाळ्याच्या अखेरीस दिसतात, थंडीच्या सुरुवातीला मरतात आणि पुढची पिढी अंडपेटीत हिवाळा काढते. म्हणून नोव्हेंबरमध्ये मेलेल्या प्रौढ कीटकाबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नसते. त्याचे आयुष्यच तेवढे होते.

६. मृत शरीराची तपासणी

तपासणी शक्य तितक्या लवकर करावी. कारण उष्ण हवेत लहान शरीर झपाट्याने बिघडते. पांढऱ्या कागदावर कीटक ठेवून भिंगाने तोंड, मान, पायांचे सांधे, पोटाची खालची बाजू आणि गुदद्वार क्रमाने पाहावे. रंग, वास, जखमा, भोके, अडकलेली कात यांची नोंद करावी. छायाचित्र काढावे. पुढे कोणा जाणकाराला दाखवायचे असल्यास शरीर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावे आणि बाटलीवर दिनांक व ठिकाण लिहावे. तपासणीनंतर हात साबणाने धुवावेत.

येथे एक सावधगिरी बाळगावी. मृत शरीरावर पांढरी बुरशी दिसली की बुरशीनेच मृत्यू झाला, असे वाटते. कीटकांना मारणाऱ्या बुरश्या खरोखर आहेत. परंतु इतर बुरश्या मेलेल्या शरीरावर नंतरही उगवतात. दोन दिवस तसेच पडून राहिलेल्या शरीरावरील बुरशी मृत्यूचे कारण नसून मृत्यूचा परिणाम असू शकते. आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हा क्रम चुकला की निदान चुकते.

७. रेशीमकिड्यांनी शिकवलेला धडा

कीटकांच्या रोगांचा अभ्यास ही केवळ हौसेची बाब नाही. इटलीतील आगोस्तिनो बास्सी याने १८३५ मध्ये रेशीमकिड्यांना पांढरे व ताठ करून मारणारा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो, हे दाखवून दिले. ती बुरशी आज त्याच्या नावाने ओळखली जाते. सजीव जंतूमुळे प्राण्यांना रोग होतो, हे सिद्ध करणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांत या शोधाची गणना होते.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८६५ मध्ये, लुई पाश्चर दक्षिण फ्रान्समधील आलेस येथे गेला. तेथील रेशीम उद्योग किड्यांच्या मृत्यूमुळे बुडत चालला होता. किड्यांच्या अंगावर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसत आणि सूक्ष्मदर्शकाखाली चकचकीत कण आढळत. ते कण म्हणजे रोगकारक परजीवी आहेत, हे पाश्चरला सुरुवातीला पटले नव्हते. शिवाय काही किडे ठिपक्यांविनाही मरत होते. पुढे उलगडा झाला, की तेथे एक नव्हे, तर दोन वेगळे रोग एकाच वेळी वावरत होते. दोहोंची लक्षणे वेगळी काढल्यावर मार्ग सापडला. अंडी घातल्यानंतर प्रत्येक मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि तिच्यात कण आढळल्यास तिची अंडी टाकून द्यायची, ही पद्धत पाश्चरने रूढ केली. भारतात रेशीमकिड्यांची निरोगी अंडी तयार करताना मादी पतंगांची अशी तपासणी आजही केली जाते.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एकाच ठिकाणी होणाऱ्या सर्व मृत्यूंचे कारण एकच असेल, असे गृहीत धरू नये. आणि नवा पुरावा समोर आला, की आधीचे मत बदलण्यात कमीपणा मानू नये.

८. निदानाचा उपयोग

मेलेला कीटक परत येत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? त्याच पिंजऱ्यात उद्या दुसरा कीटक येणार असतो. कारण न शोधता त्याला आणले, तर तेच कारण त्यालाही गाठते. उन्हाळ्यात कात अडकून एक पिल्लू मेले आणि घरच्यांनी ‘नजर लागली’ असे म्हणून विषय संपवला, तर दुसऱ्या पिल्लासाठीही पिंजरा तितकाच कोरडा राहील. उलट वार्धक्याने मेलेल्या कीटकाचा दोष मुलाच्या माथी मारला, तर त्या मुलाच्या मनात विनाकारण अपराधाची भावना घर करेल. चुकीचे निदान दोन्ही बाजूंनी अन्याय करते.

विषबाधेचे निदान तर घरातील माणसांच्याही उपयोगाचे आहे. बंद खोलीत रात्रभर कोणते रसायन जळते आहे, याचा विचार कीटकाच्या मृत्यूच्या निमित्ताने सुरू झाला, तरी तो विचार कुटुंबाच्या हिताचाच असतो. वेष्टनावरील सूचना वाचणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे या साध्या सवयी त्यातून लागू शकतात.

प्रत्येक वेळी कारण सापडेलच असे नाही. सर्व प्रश्न विचारूनही उत्तर मिळाले नाही, तर नोंदवहीत ‘कारण अनिश्चित’ असे लिहावे. खोट्या खात्रीपेक्षा प्रामाणिक अनिश्चितता श्रेयस्कर असते. पुढच्या निरीक्षणाला ती वाट मोकळी ठेवते.

शब्दार्थ

आविर्भाव – हावभाव, आव
पवित्रा – हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घेतलेली उभे राहण्याची पद्धत
अंडपेटी – अंडी सुरक्षित ठेवणारे कठीण आवरण
परजीवी – दुसऱ्या जिवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून जगणारा जीव
यजमान – येथे अर्थ : ज्याच्या शरीरात परजीवी राहतो तो जीव
पक्षाघात – अवयव लुळे पडणे
श्रेयस्कर – अधिक चांगले, हितकारक

भाषाभ्यास : निरीक्षण आणि अनुमान

पुढील दोन वाक्ये वाचा.
१. कीटकाचे पाय थरथरत होते आणि तो तीनदा खाली पडला.
२. कीटकाला बहुधा विषबाधा झाली असावी.

पहिल्या वाक्यात डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. ते निरीक्षण होय. दुसऱ्या वाक्यात त्यावरून काढलेला तर्क आहे; ते अनुमान होय. मराठीत अनुमान व्यक्त करताना ‘बहुधा’, ‘कदाचित’ यांसारखे शब्द आणि ‘असावा’, ‘असावी’, ‘असू शकते’ यांसारखी क्रियारूपे वापरली जातात. नोंद लिहिताना आधी निरीक्षण आणि मग अनुमान लिहावे. दोन्ही एकाच वाक्यात मिसळली, तर वाचणाऱ्याला पाहिलेले कोणते आणि मानलेले कोणते, हे कळत नाही.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. मादी प्रार्थना कीटकाच्या पोटाच्या खालच्या बाजूस किती खंड दिसतात?
(अ) चार (आ) सहा (इ) आठ (ई) दहा
२. कात टाकण्यापूर्वी कीटक काय करतो?
(अ) अधिक खातो (आ) उडू लागतो (इ) खाणे सोडतो (ई) अंडी घालतो
३. वेगवेगळ्या पिंजऱ्यांतील अनेक कीटक एकाच रात्री मेल्यास प्रथम कशाचा संशय घ्यावा?
(अ) वार्धक्य (आ) विषबाधा (इ) परजीवी (ई) उपासमार

आपण काय शिकलात

• निदानाची सुरुवात कोण, केव्हा, कसा आणि भोवती काय बदलले या चार प्रश्नांनी होते.
• कात अडकणे, पाण्याची कमतरता, संसर्ग, विषबाधा, परजीवी, हल्ला आणि वार्धक्य ही मृत्यूची प्रमुख कारणे आहेत.
• मृत शरीरावर दिसणारी प्रत्येक गोष्ट मृत्यूचे कारण नसते.
• निरीक्षणाची नियमित नोंद हाच निदानाचा खरा आधार आहे.

पाठांत प्रश्न

१. कोरड्या उन्हाळ्यात आणि दमट पावसाळ्यात प्रार्थना कीटकाची काळजी वेगवेगळ्या प्रकारे का घ्यावी लागते, ते स्पष्ट करा.
२. ‘बुरशी मृत्यूचे कारण नसून मृत्यूचा परिणाम असू शकते.’ या विधानाचा अर्थ सांगा.
३. पाश्चरच्या रेशीमकिड्यांवरील कार्यातून निदानाविषयी कोणते दोन धडे मिळतात?
४. समजा, ऑक्टोबरच्या अखेरीस एक प्रौढ नर मरण पावला. त्याचे पंख झिजलेले होते आणि गेले दोन आठवडे त्याचे खाणे कमी झाले होते. दोन वाक्यांत निरीक्षण आणि एका वाक्यात अनुमान लिहा.
५. आपल्या परिसरातील कोणत्याही एका प्राण्याचे किंवा झाडाचे सात दिवस निरीक्षण करून नोंद लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) सहा २. (इ) खाणे सोडतो ३. (आ) विषबाधा